धरणाची श्रेणी आणि खालची वस्ती

धरण म्हटले की आपल्याला कोयना आठवते, भाक्रा आठवते, पुणेकरांना 12 जुलै 1961 चे पानशेत आठवते. परंतु ज्यांच्या भरावावर गुरे चरतात, ज्यांच्या मागे वर्षाचे बहुतेक दिवस गावतळ्याइतकेच पाणी असते आणि ज्यांचे नाव तालुक्याच्या हद्दीबाहेर कोणी ऐकलेले नसते, त्या लहान मातीच्या धरणांचा विचार करण्याचा प्रसंग सामान्य मनुष्यावर सहसा येत नाही. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात प्रामुख्याने पूर अडविण्यासाठी बांधलेली अशी दोन हजारांहून अधिक धरणे आहेत. त्यांच्या सुरक्षिततेच्या श्रेणींवरून माझ्या दोन वडीलधाऱ्या स्नेह्यांत जो वाद झाला, तो आपल्याकडील वाचकांच्याही उपयोगाचा वाटल्यावरून येथे उतरवीत आहे. अण्णासाहेबांची सारी हयात पाटबंधारे खात्यात मातीकामावर गेली असून, कन्येकडे ओक्लाहोमात काही महिने राहून ते नुकतेच परतले आहेत. तात्यासाहेब महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून चढत चढत प्रांताच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आहेत. मतभेद असूनही दोघांच्या बोलण्यात कळकळ सारखीच होती.

तात्यासाहेब : अण्णासाहेब, तिकडून आल्यापासून तुम्ही त्या श्रेणींवर रुष्ट दिसता. धरणे उभी आहेत, पूर अडवीत आहेत. मग रोष कशाचा?

अण्णासाहेब : रोष अन्यायाचा आहे, पण त्याआधी त्या धरणांची कुळकथा ऐका. 1934 च्या एप्रिलात वॉशिटा नदीला अवचित पूर येऊन हॅमन गावाच्या परिसरात 17 माणसे दगावली. त्याच दशकात त्या मुलखातली सुपीक माती वावटळींनी उडून गेली, आणि जी उरली ती पावसाने ओढ्यांत लोटली. नदीच्या खालच्या अंगाला एकच प्रचंड भिंत उभारण्याऐवजी, पाऊस जेथे पडतो तेथेच, ओढ्याओढ्यावर लहान बांध घालून पाणी थोपवावे आणि ते सावकाश खाली सोडावे, हा विचार अशा अनुभवांतून बळावला. 1944 च्या पूरनियंत्रण कायद्याने 11 खोऱ्यांत या कामास मंजुरी दिली, त्यांत वॉशिटाचे खोरे होते. जुलै 1948 मध्ये कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर पहिले धरण पुरे झाले. 1953 पर्यंत सँडस्टोन क्रीकच्या संपूर्ण पाणलोटात 24 धरणांची मालिका उभी राहिली. 1954 च्या कायद्याने हीच रीत देशभर गेली आणि आज तिकडे अशी सुमारे 11,800 धरणे आहेत. आराखडे केंद्राच्या मृदसंधारण खात्याने काढले, पैसाही बहुतांशी केंद्राचा. जमीन मात्र पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांचीच राहिली, आणि धरण राखण्याची जबाबदारी स्थानिक संधारण मंडळांनी पत्करली.

तात्यासाहेब : पैसा एकाचा, जमीन दुसऱ्याची आणि राखण तिसऱ्याकडे! माझ्यासारख्या महसुली माणसाच्या मनात येथेच शंका उभी राहते. पण धरण प्रत्यक्षात असते कसे, ते सांगा.

अण्णासाहेब : कन्येच्या घराजवळच तसे एक धरण होते; पंचवीस-तीस फूट उंचीचा मातीचा भराव, माथ्यावरून एक गाडी जाईल एवढी वाट, दोन्ही उतारांवर दाट गवत. पाण्यात काँक्रीटची एक उभी चौकोनी विहीर असते. जलाशय तिच्या तोंडापर्यंत चढला की पाणी आपोआप आत पडते आणि भरावाच्या पोटातून गेलेल्या नळावाटे पलीकडे ओढ्यात निघते. तेथे पुराच्या वेळी हलवावयाचे दार नाही, चाक नाही, चौकीदार नाही. विहिरीच्या तोंडाखालची जागा गाळासाठी राखलेली आणि त्यावरची पुरासाठी मोकळी ठेवलेली असते. पाऊस अतोनात झालाच तर जादा पाणी भरावाच्या एका टोकाला, मूळ जमिनीत कोरलेल्या आणि गवताने मढविलेल्या रुंद सांडव्यावरून जाते. भरावाच्या माथ्यावरून मात्र ते कधीही जाता कामा नये, कारण तशा प्रवाहापुढे मातीचा टिकाव लागत नाही. इतकी साधी, इतकी स्वावलंबी रचना मी आयुष्यात थोडीच पाहिली.

तात्यासाहेब : आणि तिची तपासणी?

अण्णासाहेब : तीही पाहिली, कारण तपासणीस आलेल्या गृहस्थांनी मला सोबत फिरू दिले. ते प्रथम माथ्यावरून चालत गेले आणि लांबीच्या दिशेने भेग पडली आहे का, कोठे माती खचली आहे का, हे पाहू लागले. मग खाली उतरून पायथ्याशी आले. उन्हाळ्याने सारे गवत पिवळे पडलेले होते आणि एका ठिकाणी मात्र चटईएवढा तुकडा हिरवागार होता. तेथे ते थांबले, गुडघे टेकून बसले, बोटाने माती दाबून पाहिली, आणि नळाच्या तोंडापाशी झिरपणारे पाणी त्यांनी काचेच्या बरणीत धरून उन्हात निरखले. ते निवळ होते. पाझर निवळ असेल तर नोंद करून त्यावर नजर ठेवावयाची. गढूळ असेल तर तो भरावाची माती बाहेर आणतो आहे असे समजून धावपळ करावयाची, कारण आतल्या आत अशी वाट कोरली गेली म्हणजे धरण पोटातून पोखरत जाते. गोफर नावाचा बिळे करणारा प्राणी भराव उकरतो, बीव्हर फांद्या आणि चिखल आणून विहिरीचे तोंड बुजवितो, भरावावर उगवलेले झाड मेल्यावर त्याची कुजलेली मुळे पाण्याला वाट करून देतात, आणि आरंभीच्या काळात घातलेले पन्हाळीदार लोखंडी नळ आता गंजले आहेत. हे सारे पाहून तपासनीस स्थितीची श्रेणी लावतो: समाधानकारक, साधारण, खराब किंवा असमाधानकारक. या श्रेणीशी माझे भांडण नाही. ती मातीकडे पाहून दिलेली आहे.

तात्यासाहेब : मग भांडण कोणत्या श्रेणीशी?

अण्णासाहेब : धोक्याच्या श्रेणीशी. तिचे तीन वर्ग: उच्च, लक्षणीय आणि अल्प. ज्या धरणाची हिरवळ, नळ, सांडवा, सारे यथास्थित होते, त्याला बांधतेवेळी अल्प धोक्याचे म्हटले होते आणि आज त्याच धरणाला उच्च धोक्याचे म्हणतात. धरणात काडीचा बदल झालेला नाही. बदल झाला तो खालच्या अंगाला: जेथे मक्याची आणि कापसाची शेते होती तेथे घरे आली, शाळा आली. ज्याने गुन्हा केला नाही त्याच्या नावावर गुन्हा नोंदविण्याचाच हा प्रकार झाला!

तात्यासाहेब : येथे मात्र मी तुम्हांला अडवितो. ही श्रेणी धरणाच्या वर्तनाचा दाखला नव्हेच. धरण उद्या फुटले असे गृहीत धरले तर खाली काय होईल, एवढेच ती सांगते: मनुष्यहानी संभवते तर उच्च, मनुष्यहानी संभवत नाही पण मालमत्तेची मोठी नासाडी होईल तर लक्षणीय, आणि नुकसान बहुतेक मालकापुरतेच राहील तर अल्प. माळ्यावर पाण्याने भरलेला रांजण ठेवला, तर त्याच्याखाली अडगळ असणे आणि त्याच्याखाली पाळणा असणे यांत रांजणाच्या मजबुतीचा प्रश्नच नाही; तरी पाळणा आल्या दिवसापासून घरातल्या माणसाने माळ्याच्या तुळया अधिक वेळा तपासल्या पाहिजेत की नाही?

अण्णासाहेब : पाहिजेत. पण खर्च कोण सोसणार? धोक्याचा वर्ग उच्च झाला की साधा मोठा पूर पुरेसा होत नाही; त्या पाणलोटात संभवणारा महत्तम पूर सांडव्यावरून सुखरूप गेला पाहिजे, असा दंडक लागू होतो. म्हणजे सांडवा रुंद करा, भराव चढवा, जुना नळ काढून नवा घाला. स्थानिक मंडळाजवळ गवत कापण्यापुरती तरतूद असते! पुष्कळ धरणे 50 वर्षांच्या आयुर्मानाने आखलेली होती आणि ती मुदत आता उलटून गेली. 2000 सालच्या दुरुस्तीने पुनर्बांधणीच्या खर्चाचा 65 टक्के वाटा केंद्राने उचलण्याची तजवीज झाली हे खरे, तरी उरलेला वाटा आणि वाट पाहण्याचा काळ स्थानिकांच्याच माथी येतो. परिणाम असा होतो की, उच्च श्रेणीच्या सुस्थितीतल्या धरणावर पैसा जातो आणि अल्प श्रेणीचे खरोखर झिजलेले धरण रांगेत शेवटी राहते.

तात्यासाहेब : हा आक्षेप वजनदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. पण दोष श्रेणीचा की एकच रकाना वाचणाऱ्याचा? स्थिती आणि परिणाम हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले आहेत ते एकत्र वाचण्यासाठी. उच्च धोक्याचे आणि खराब स्थितीचे धरण सर्वांच्या आधी. उच्च धोक्याचे आणि समाधानकारक स्थितीचे धरण सतत नजरेखाली. अल्प धोक्याचे आणि खराब स्थितीचे धरण त्यानंतर, आणि त्याच्या खालची जमीन मोकळी राहील अशा बंदोबस्तासह. आता माझ्या खात्याचा प्रश्न विचारतो. ती घरे बांधण्याची परवानगी कोणी दिली?

अण्णासाहेब : नगराने, किंवा तिकडच्या जिल्हा कारभाराने.

तात्यासाहेब : आणि धरण राखणाऱ्या मंडळाला विचारले होते?

अण्णासाहेब : मंडळाचा हक्क भराव, सांडवा आणि बुडीत क्षेत्र यांपुरता. धरण फुटल्यास पाणी जेथवर पोहोचेल त्या खालच्या जमिनीवर त्याचा अधिकार चालत नाही.

तात्यासाहेब : म्हणजे पाण्याचा नकाशा एका दप्तरात, घरांचे परवाने दुसऱ्या दप्तरात, आणि दोन्ही दप्तरे एकमेकांना ओळखत नाहीत. शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्या: ती घरे तेथे आली तीच मुळी धरणामुळे. वीस-तीस वर्षे ओढ्याला पूर आला नाही, पूर विसरला गेला, सखल जमीन स्वस्त आणि सपाट दिसू लागली, आणि धरणाने दिलेल्या अभयावर विसंबून वस्ती खाली उतरली. धरण जितके नेकीने काम करते, तितकी ते फुटल्यास होणारी हानी वाढत जाते. ही गोष्ट भरावावर उभे राहून दिसत नाही; ती फक्त त्या दुसऱ्या रकान्यात दिसते. म्हणून मी त्या रकान्याची कैफियत मांडतो आहे.

अण्णासाहेब : वाढत्या वस्तीची नोंद हवी, हे मान्य. पण तात्यासाहेब, कागदाने धरण वाचत नाही. ते वाचते पहाऱ्याने, कुदळीने आणि वेळेवर काढलेल्या झुडपाने. जॉर्जियातील टोकोआचे उदाहरण घ्या. एका ख्रिस्ती विद्यालयाच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. त्यावरची वीजनिर्मिती 1957 मध्ये थांबली, पुढे तळे केवळ विहारासाठी उरले. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर मोठ्या पावसात ते फुटले आणि खाली निजलेल्यांपैकी 39 जणांचा अंत झाला. 1972 मध्येच धरण-तपासणीचा कायदा झालेला होता, यादीही तयार झालेली होती. यादीने काय केले?

तात्यासाहेब : तुम्ही माझाच पुरावा माझ्यापुढे ठेवलात! यादी झाली, पण खाजगी आणि स्थानिक धरणांच्या तपासणीस पैसा मिळाला नाही. म्हणजे रकाने आखले आणि कोरे ठेवले. टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आदेश दिला, पुढल्या तीन-चार वर्षांत सुमारे 8,800 उच्च धोक्याची धरणे तपासली गेली आणि त्यांतली जवळजवळ एक-तृतीयांश असुरक्षित ठरली. तपासणीस निघालेल्या पथकांनी हीच धरणे का निवडली? कारण खाली माणसे कोठे आहेत, हे यादी सांगत होती. हजारो धरणांतून कुदळ प्रथम कोठे न्यावी, हे कुदळीला सांगता येत नाही.

अण्णासाहेब : ठीक. तरी श्रेणी ही एका दिवसाची साक्ष असते. आज समाधानकारक लिहिले आणि महिन्याभरात बीव्हरने विहिरीचे तोंड बुजविले, तर पुढल्या वादळात त्या शेऱ्याला काय किंमत? खालच्या लोकांना मात्र वाटते की सरकारने हमी दिली. दुसरे असे की, खराब असा शेरा पडला की जमिनीचे भाव उतरतात, ओरड होते. म्हणून शेरा लिहिणाऱ्याचा हात कचरतो आणि खराबचे साधारण होते. हे मी आमच्या खात्यातल्या अनुभवावरून बोलतो आहे.

तात्यासाहेब : म्हणून शेऱ्याशेजारी तारीख हवी आणि शेरा लोकांस खुला हवा. अमेरिकेतसुद्धा 2001 नंतर बरीच वर्षे राष्ट्रीय सुरक्षेच्या सबबीवर स्थितीची श्रेणी जनतेपासून राखून ठेवली जात होती. आता ती बऱ्याच अंशी पाहावयास मिळते. कचरणारा हात उघड्या दप्तराने सुधारतो. आणि त्या यादीत आणखी एक नोंद असते, ती मला सर्वांत अधिक घोर लावते: श्रेणी दिलेली नाही. खराब म्हटले तर निदान कोणी तेथे गेले होते.

अण्णासाहेब : तेथे माझे तुमचे एकमत आहे. न पाहिलेल्या धरणापेक्षा वाईट धरण नाही.

तात्यासाहेब : मग आपल्याकडे वळू. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि 23 माणसे गेली. ते पूरनियंत्रणाचे नव्हते, पाटबंधाऱ्याचे होते. पण मातीचे होते, लहान होते, खाली वाडी होती, आणि गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. तेथे बरणी घेऊन पायथ्याशी बसणारा कोणी वेळेवर बसला असता तर?

अण्णासाहेब : तिवऱ्याचे नाव निघाले की मला बोलवत नाही. आपल्याकडे तपासणी नाही असे मात्र म्हणू नका. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना 1980 पासून आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करण्याची रीत आहे. ज्यांतून धरण फुटू शकेल असे दोष पहिल्या वर्गात, तातडीने दुरुस्त करावयाचे दुसऱ्यात आणि किरकोळ तिसऱ्यात, अशी वर्गवारी आहे.

तात्यासाहेब : ती वर्गवारी तुमच्या मताची आहे, अण्णासाहेब, ती भरावाचे दोष मोजते, खालची वाडी मोजत नाही. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने धोक्याचेही वर्गीकरण करण्यास सांगितले, ही मोठी गोष्ट झाली. पण तो कायदा 15 मीटरांहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरांतल्या काही ठराविक धरणांना लागू आहे. त्याहून बुटके पाझर तलाव, गावतळी, जिल्हा परिषदेचे बंधारे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. ओक्लाहोमातले तुमचे पंचवीस-तीस फुटांचे धरण आपल्या कायद्याने मोजलेच गेले नसते.

अण्णासाहेब : (थोडा वेळ थांबून) उंची मोजून धोका ठरविणे हे स्थापत्यालाही धरून नाही. नऊ मीटरांच्या बांधाखाली भरवस्ती असेल, तर वीस मीटरांच्या निर्जन रानातल्या धरणापेक्षा मी आधी तेथे जाईन.

तात्यासाहेब : हेच तर ती दुसरी श्रेणी सांगते.

अण्णासाहेब : सांगते खरी. तरीही माझा आग्रह कायम आहे: श्रेणी लावणाऱ्याने भरावावर चालावे, पायथ्याशी बसावे, आणि शेऱ्याबरोबरच दुरुस्तीची तरतूद व ती करणाऱ्याचे नाव लिहावे. एरवी उच्च धोका एवढेच लिहून ठेवणे म्हणजे संकटाची केवळ आगाऊ नोंद होईल.

तात्यासाहेब : तो आग्रह मी माझाही समजतो.

येथे त्यांचे बोलणे थांबले. दोघांचेही म्हणणे ऐकून माझे मत जे झाले, ते स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. भरावाची स्थिती अभियंत्याच्या डोळ्यांना दिसते आणि खालच्या वस्तीची वाढ महसुली दप्तराला दिसते. या दोन दृष्टी जेथे एका पानावर येत नाहीत, तेथे उत्तम बांधलेले धरणही लोकांना असुरक्षित ठेवते, कारण धरण स्थिर राहते आणि माणसे स्थिर राहत नाहीत. धोक्याची श्रेणी चढली म्हणजे धरणाची बदनामी झाली असे मानणारा अधिकारी चुकतो, आणि स्थितीचा शेरा चांगला आहे म्हणून त्याखाली घराचा परवाना देणारा अधिकारी त्याहून अधिक चुकतो. पहिल्याच्या चुकीने दुरुस्ती लांबते. दुसऱ्याच्या चुकीने मरणाऱ्यांची संख्या वाढते. बांधाच्या उंचीवरून जबाबदारी ठरविण्याची पद्धत आपल्या राज्याने सोडावी, आणि ज्या कोणत्याही मातीच्या बांधाखाली माणसे निजतात तो बांध, कितीही बुटका असला तरी, तपासणीच्या कक्षेत आणावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

वाचकांपैकी ज्यांचे घर, शेत किंवा नवा घेतलेला भूखंड एखाद्या ओढ्याकाठी असेल, त्यांनी वरच्या अंगाला कोणता बांध आहे याची चौकशी करावी, आणि ग्रामपंचायतीकडे व तहसील कचेरीत लेखी अर्ज करून तीन गोष्टी विचाराव्यात: हा बांध राखण्याची जबाबदारी कोणाची, त्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली व शेरा काय पडला, आणि तो फुटल्यास पाणी कोठवर येईल याचा नकाशा कोणत्या दप्तरात आहे. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर पावसाळ्याची वाट न पाहता तो अर्ज पुन्हा करावा, आणि या वेळी त्यावर शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात.